आधी हलवा, मग चिकटवा

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आज मी तुमच्याशी चित्राबद्दल बोलणार आहे. रेडिओवरून चित्र शिकवायचं म्हणजे फोनवरून आमटीची चव सांगण्यासारखं झालं, असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मला बिनोदबिहारी मुखर्जी आठवले आणि जरा धीर आला.

बिनोदबिहारी हे शांतिनिकेतनातले मोठे चित्रकार. नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. लहानपणापासून त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्या डोळ्याची नजर फार अधू होती. तेवढ्या नजरेवर त्यांनी भिंतीच्या भिंती रंगवल्या. १९५७ साली त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, ती फसली आणि होती तीही दृष्टी गेली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. चित्रकाराची दृष्टी गेली म्हणजे सगळं संपलं, असंच कुणीही म्हणेल. पण ते रंगीत कागद कापू लागले आणि त्या तुकड्यांची चित्रं करू लागले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ नावाचा माहितीपट केला.

कागदाचा तुकडा हाताला लागतो. त्याची कडा बोटाला कळते. तो केवढा आहे, दुसऱ्या तुकड्यापासून किती लांब आहे, कशाच्या वर आहे आणि कशाच्या खाली आहे, हे सगळं हातानं कळतं. चित्राची मांडणी म्हणतात ती बरीचशी यातच असते. म्हणून आज मी बोलेन आणि तुम्ही हात चालवा. जवळ एक कोरा कागद आणि जुनं वर्तमानपत्र असेल तर आत्ताच घ्या. नसेल तर नुसतं ऐका आणि रात्री कामं आवरल्यावर करून बघा.

चिकटकाम का?

शाळेत आपण याला चिकटकाम म्हणायचो. इंग्रजी शाळेतली मुलं कोलाज म्हणतात. हा शब्द मुळात फ्रेंच आहे आणि चिकटवणे या क्रियापदावरूनच आला आहे. १९१२ साली पिकासो आणि ब्राक या दोन चित्रकारांनी आपल्या चित्रांत छापील कागदांचे तुकडे चिकटवले, तेव्हापासून मोठ्या चित्रकलेत त्याला मान मिळाला. पण हातांना हे काम त्याच्या किती तरी आधीपासून ठाऊक होतं. आपली गोधडी काय वेगळी आहे? जुन्या लुगड्यांचे तुकडे कुठे लावायचे, लाल कुठे, हिरवा कुठे, हे ठरवल्याशिवाय का कुणी सुई घेतं?

आता मुख्य गोष्ट सांगते. आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात, “मला चित्र येत नाही.” त्यांच्या मनात असतं ते रेखाटन. गाय काढली तर ती गाईसारखी दिसत नाही, माणसाचा हात जमत नाही. ते खरं आहे, त्याला सराव लागतो. पण चित्रात दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे वस्तू हुबेहूब काढणं. दुसरं म्हणजे कागदावर काय कुठे ठेवायचं ते ठरवणं. हे दुसरं काम म्हणजे मांडणी. पेन्सिल हातात घेतली की पहिल्या कामाची भीती एवढी मोठी होते की दुसरं काम शिकायचं राहूनच जातं. कागदाच्या तुकड्यांनी ती भीती बाजूला होते. चौकोन फाडायला कुणाची परीक्षा द्यावी लागत नाही.

आणखी एक फायदा. पेन्सिलीनं काढलेलं झाड दोन बोटं डावीकडे न्यायचं तर सगळं खोडावं लागतं. कागदाचं झाड बोटानं सरकवलं की झालं. एकाच चित्राच्या वीस मांडण्या दहा मिनिटांत बघता येतात. फ्रान्सचे चित्रकार आंरी मातीस यांचं १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं. पुढे उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा ते रंगवलेल्या कागदांचे आकार कात्रीनं कापू लागले. ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, बघायचे, पुन्हा हलवायचे. मनासारखं झालं की मगच कायमचं चिकटवायचं.

म्हणून आजच्या भाषणातला एकच नियम लक्षात ठेवा: आधी हलवा, मग चिकटवा. पहिला अर्धा तास डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडायचंच नाही.

सामान

सामान घरातलंच लागतं. लग्नपत्रिका सरल्यावर आपण पुठ्ठ्याच्या डब्यात टाकतो, त्या काढा. त्यांत जाड कागद, सोनेरी कागद, साय रंगाचा कागद सगळं मिळतं. मागच्या वर्षीचं कॅलेंडर, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, उदबत्तीची रिकामी पाकिटं, फाटका पतंग, वहीचं खाकी कव्हर चालेल. काळा आणि एखादा रंगीत घोटीव कागद दुकानातून आणा.

कागद कापायचा की फाडायचा? दोन्ही करून बघा. कात्रीची कड करकरीत दिसते. घर, दार, भांडं यांना ती शोभते. फाडलेली कड मऊ दिसते. ढग, डोंगर, झाड, पाणी यांना ती बरी. वर्तमानपत्र एकदा उभं फाडा आणि एकदा आडवं फाडा. उभं फाडताना ते बऱ्यापैकी सरळ फाटतं, आडवं फाडताना वेडंवाकडं जातं. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एका दिशेला पडतात, त्यामुळे असं होतं. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात. तो कुठूनही फाडा, कडेला तंतूंची लव राहते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथे सुती चिंध्यांपासून कागद करतात. असा कागद हाती आला तर कापू नका, फाडा.

डिंक नसेल तर खळ करा. एक मोठा चमचा मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं. दाट आणि थोडी पारदर्शक झाली की उतरवायची. पूर्वी खळीत मोरचूद घालत, म्हणजे किडे लागत नसत. पण मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतात, तेव्हा ते नको. थोडीच खळ करा आणि दोन दिवसांत संपवा.

पहिला प्रयोग: जागा

वहीच्या पानाएवढा पांढरा कागद घ्या. काळ्या कागदाचा रुपयाएवढा एकच तुकडा घ्या. तो बरोबर मधोमध ठेवा. कसा वाटतो? शांत, बसलेला. कपाळावरच्या कुंकवासारखा. आता तो वर सरकवा. तो तरंगायला लागतो. खालच्या कडेला टेकवा. तो पडून स्थिरावल्यासारखा वाटतो. आता उजव्या कडेला अगदी चिकटून ठेवा. तो कागद सोडून निघाला आहे असं वाटतं की नाही?

तुकडा तोच आहे, बदलली ती भोवतीची रिकामी जागा. मांडणीत रिकामी जागाही तुकड्याइतकीच काम करते. आपल्याला कोपरा मोकळा दिसला की तिथे एक फूल काढावंसं वाटतं. ते फूल काढण्याआधी ती मोकळी जागा काय करते आहे, ते बघा.

दुसरा प्रयोग: तोल

आता तळहाताएवढा एक तुकडा आणि रुपयाएवढा एक तुकडा घ्या. दोन्ही काळे. मोठा डावीकडे ठेवला की कागद डावीकडे कललाय असं वाटेल. आता लहान तुकडा उजवीकडे न्या, अजून लांब न्या. एका जागी कागद सरळ झाल्यासारखा वाटेल. बागेतल्या सीसॉच्या फळीवर असंच होतं. जाड मूल मधल्या आधाराजवळ सरकून बसलं आणि बारकं मूल पार टोकाला बसलं की फळी आडवी राहते.

वजन आकाराचंच असतं असं नाही. गडद रंग फिक्या रंगापेक्षा जड वाटतो. लाल तुकडा त्याच आकाराच्या राखाडी तुकड्यापेक्षा जड वाटतो. छपाईची बारीक नक्षी असलेला तुकडा कोऱ्या तुकड्यापेक्षा जड वाटतो. म्हणून एका मोठ्या फिक्या तुकड्याला एक लहानसा लाल तुकडा पुरून उरतो.

तोल दोन तऱ्हेचा असतो. ठिपक्यांच्या रांगोळीत डावीकडे जे असतं तेच उजवीकडे असतं. तो सारखेपणाचा तोल. दुसरा आपल्या जेवणाच्या ताटात असतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. सगळं थोडं थोडं, पण रंगानं झणझणीत. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. आकारानं मोठी, रंगानं सौम्य. मधे भाताची मूद. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, पण ताट भरलेलं आणि सरळ दिसतं. ज्या बाईनं आयुष्यभर ताटं वाढली तिला तोल शिकवायला मी कोण? तिला फक्त त्याचं नाव सांगायचं.

तिसरा प्रयोग: उजेड आणि अंधार

वर्तमानपत्राच्या बारीक मजकुराचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ वाटेल, पांढऱ्यावरचा मळका वाटेल. दोन्ही एकाच पानातून कापले आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी डोळा ऐकत नाही. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो. जोसेफ आल्बर्स नावाचे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले चित्रशिक्षक होते. ते विद्यार्थ्यांना हेच शिकवताना रंगांऐवजी रंगीत कागद वापरायला लावत. रंग कालवताना दर वेळी छटा बदलते. कागदाची छटा तीच राहते, त्यामुळे शेजाऱ्याचा परिणाम स्वच्छ दिसतो. १९६३ साली आलेलं त्यांचं रंगांवरचं पुस्तक अशाच प्रयोगांवर उभं आहे.

या उजेड-अंधाराचा उपयोग एका म्हातारीनं कसा केला बघा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मेरी डिलेनी नावाच्या बाई होत्या. दोनदा लग्न झालं, दोन्ही नवरे वारले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी कागदाची फुलं करायला घेतली. जिरेनियमच्या पाकळीचा रंग आणि जवळ पडलेल्या लाल कागदाचा रंग एकच आहे, हे लक्षात आलं, तिथून सुरुवात झाली. पुढची दहा वर्षं नजर साथ देईपर्यंत त्या कापत राहिल्या. जवळजवळ हजार फुलं झाली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकेका फुलाला कागदाचे शेकडो बारीक तुकडे लागत. आणि प्रत्येक फूल काळ्या पार्श्वभूमीवर. फिक्या पाकळीची कडसुद्धा काळ्यावर उठून दिसते. पांढऱ्या कागदावर ती हरवली असती.

तुमच्या मांडणीत उजेड-अंधार नीट आहे का, हे बघायची सोपी युक्ती सांगते. डोळे बारीक करा, अगदी पापण्यांच्या फटीतून बघा. बारीकसारीक तपशील जातो आणि गडद-फिकट भाग तेवढे उरतात. सगळं एकच राखाडी दिसलं तर कुठे तरी गडद तुकडा हवा आहे, नाही तर उजळ तरी.

चौथा प्रयोग: नजर कुठे जाते

खाकी कागदाचे नऊ सारखे चौकोन ओळीत मांडा. त्यातला एक काढून तिथे लाल चौकोन ठेवा. नजर तिथेच जाईल. आता लाल काढा, पुन्हा खाकी ठेवा आणि तो जरा तिरका करा. तरी नजर तिथेच. आता तो सरळ करून बाकीच्यांपासून दोन इंच दूर ठेवा. तरी तिथेच. म्हणजे एखाद्या गोष्टीला महत्त्व द्यायचं तर ती मोठीच केली पाहिजे किंवा मधेच ठेवली पाहिजे असं नाही. वेगळा रंग, वेगळी दिशा किंवा भोवतीची मोकळी जागा यांतलं काहीही चालतं.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण ते खरं कळलं एका बचत गटाच्या खोलीत.

त्या दुपारी आठ जणी जमल्या होत्या. विषय दिला होता, आपलं घर. त्यांतल्या एक मावशी पंचावन्नच्या आसपासच्या. शाळा चौथीत सुटलेली. आल्या आल्याच म्हणाल्या, “ताई, मला चित्र येत न्हाई. शाळेत बाईंनी वहीवर ही मोठी काट मारली हुती.” चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी ती काट लक्षात ठेवली होती. मी म्हटलं, आज पेन्सिलच नाही, काट कशावर मारणार?

त्यांनी वर्तमानपत्राच्या भिंती केल्या. लग्नपत्रिकेच्या साय रंगाच्या कागदातून सात माणसं फाडली. मुलगा, सून, नातवंडं, पाहुणे. सगळी कागदाच्या मधोमध, दाटीवाटीनं. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात उदबत्तीच्या पाकिटाचा नखाएवढा लाल तुकडा. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, “ती मी. चुलीपाशी.”

मला कसंसं झालं. मी शिकवायच्या उत्साहात म्हटलं, “मावशी, घर तुमचं. तुम्ही स्वतःला कोपऱ्यात का ठेवलंत? मधे या की.” त्यांनी काही न बोलता तो लाल तुकडा उचलला आणि मधे सात माणसांत ठेवला. आम्ही दोघींनी बघितलं. तो गर्दीत बुडाला. साय रंगाच्या माणसांच्या मधला एक लाल ठिपका, एवढंच. नजर कधी याच्यावर, कधी त्याच्यावर जात होती.

त्यांनी तो परत कोपऱ्यात नेला. भोवती राखाडी भिंत आणि मोकळी जागा. नजर सरळ तिथे गेली. मावशी म्हणाल्या, “बघा. घरात आलेला माणूस पयला हितंच बघतो. च्या झाला का म्हनून.” सगळ्या हसल्या. मग त्यांनी गर्दीतली दोन माणसं उचलून बाजूला ठेवली. तेवढ्यानं कोपऱ्यापर्यंत वाट मोकळी झाली. मी विचारलं, कुणाला काढलंत? “पाव्हण्यास्नी,” म्हणाल्या.

मी चुकले होते. कोपरा म्हणजे दुय्यम जागा, हे मी गृहीत धरलं होतं. त्या चित्रात सगळ्यात महत्त्वाची जागा कोपऱ्यातच होती आणि ती त्यांनी विचार करून निवडली होती. एकही तुकडा चिकटवलेला नव्हता म्हणून हे सिद्ध झालं. चिकटवलेला असता तर आम्ही वाद घातला असता, किंवा मी शिकवणारी म्हणून त्या गप्प बसल्या असत्या. तुकडा सुटा होता, म्हणून माझं म्हणणंही करून बघता आलं आणि त्यांचंही. दोघींच्याही डोळ्यांना जे पटलं ते राहिलं.

पाचवा प्रयोग: लय आणि एकजीवपणा

कागदाच्या सात सारख्या पट्ट्या फाडा. सारख्या अंतरावर उभ्या ठेवा. कुंपण झालं. लय आहे, पण संथ, घड्याळाच्या टिकटिकीसारखी. आता अंतर बदला. डावीकडे पट्ट्या जवळ जवळ, उजवीकडे हळूहळू लांब लांब. नजर पळायला लागते. एखादी पट्टी लहान करा, एखादी तिरकी. आता तीच पट्टी वाऱ्यानं हललेल्या ज्वारीच्या ताटासारखी वाटेल. गोधडीवरचा धावदोरा आठवा. सारखा चाललेला टाका कोपऱ्याशी वळतो, तिथेच डोळा क्षणभर थांबतो.

तुकडे एकमेकांवर चढवूनही बघा. ज्याचा थोडा भाग झाकला जातो तो मागे गेल्यासारखा वाटतो. लहान आणि कागदावर वर ठेवलेला तुकडा लांबचा वाटतो. मोठा आणि खाली ठेवलेला जवळचा वाटतो. तीन फाडलेले डोंगर असे एकामागे एक ठेवले की सपाट कागदात खोली येते.

शेवटी एकजीवपणा. हाताशी वीस रंग असले की ते सगळे वापरावेसे वाटतात आणि मग चित्र आठवड्याच्या बाजारासारखं होतं. पहिली दहा चित्रं तीनच रंगांत करा: एक गडद, एक फिका आणि एक ठसठशीत. ठसठशीत रंग थोडाच वापरा. एखादा रंग एकटा पडून परका वाटत असेल तर त्याचेच दोन लहान तुकडे आणखी दोन ठिकाणी ठेवा. साडीच्या काठातला रंग पदरात पुन्हा दिसतो, तेव्हा साडी एक वाटते. इथेही तसंच.

मावशींच्या चित्रात लाल मात्र एकच होता. त्याला सोबत द्यावी का, असं एकीनं विचारलं. आम्ही दुसरा लाल तुकडा दाराशी ठेवून बघितला. नजर दोन्हीकडे ओढली जायला लागली. तो काढून टाकला. सांगायचं काय, की हे नियम म्हणजे कायदे नाहीत. करून बघायचं आणि डोळ्यांना विचारायचं.

चिकटवण्याआधीची तपासणी

मांडणी झाली असं वाटलं की उठा. पाच-सहा पावलं मागे जाऊन बघा. मग दुसऱ्या बाजूनं, म्हणजे कागद उलटा दिसेल असं उभं राहून बघा. उलट्या चित्रात घर, माणूस, झाड ओळखू येत नाही, त्यामुळे नुसते आकार आणि तोल दिसतो. शेवटी एकेक तुकडा उचलून बघा. तो उचलल्यावर चित्राचं काही बिघडत नसेल तर तो परत ठेवू नका. भाजीत मीठ कमी असेल तर घालता येतं, जास्त झालं तर अवघड. इथे मात्र जास्त झालेलं काढता येतं, तर काढून घ्या.

आता मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, किंवा तुकड्यांच्या कडेनं पेन्सिलीच्या बारीक खुणा करा. चिकटवताना तुकडे हलतातच. सगळ्यात खालचे तुकडे आधी चिकटवा, मग वरचे. खळ पातळ लावा आणि कडांपर्यंत पोचवा. फार ओली झाली तर कागद फुगतो. मधून बाहेर असं फडक्यानं दाबत जा, म्हणजे आत हवा राहत नाही. वर कोरा कागद ठेवा आणि जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. वर्तमानपत्र कालांतरानं पिवळं पडतं. एखादं चित्र बरीच वर्षं ठेवायचं असेल तर ते उन्हात टांगू नका.

हे शिकून काय होतं?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ज्या गटात मावशी होत्या, तो गट मसाले करतो. त्यांच्या पाकिटावरच्या चिठ्ठीवर देवाचं चित्र, मिरची, हळद, कमळ, गटाचं नाव, पत्ता, किंमत, वजन, सगळं एकाच आकारात आणि पाच रंगांत होतं. कागदाच्या कामानंतर त्यांनी ती चिठ्ठी कापून तुकडे तुकडे केले आणि टेबलावर पुन्हा मांडले. वजन आणि किंमत खाली एका ओळीत आली. मिरची एकच राहिली. मसाल्याचं नाव मोठं झालं आणि त्याच्याभोवती मोकळी जागा आली. छापणाऱ्या दादांना सांगताना आता त्यांच्याकडे शब्द होते. “हे जरा चांगलं करा,” असं त्या म्हणाल्या नाहीत. “हे खाली घ्या, इथे मोकळं ठेवा, लाल फक्त इथेच,” असं म्हणाल्या. स्वतःच्या पाकिटावर काय कुठे असावं हे सांगता येणं ही लहान गोष्ट नाही.

पण विकण्यासाठीच करायचं असं मुळीच नाही. नुसतं करून बघण्यासाठी करा. मुलांना जवळ बसवा. त्यांच्या चित्रावर काट मारू नका. त्यांना विचारा, “हा तुकडा इथे का ठेवलास?” कारण असतं त्यांच्याकडे. ऐकून घ्या. मग म्हणा, “आता तिथे ठेवून बघू या का?”

मावशींचं चित्र त्यांच्या घरात फळीवर लावलं आहे, असं परवा कुणीतरी सांगितलं. चहाच्या डब्याच्या वर, कोपऱ्यात.